बीजांडाचा खुराक

उस्मानाबादी शेळी जुळी करडं देते, हे धाराशिवच्या बाजारात कुणाला सांगावं लागत नाही. गिऱ्हाईक दात बघतं, कास बघतं, आधीच्या वेताला किती झाली ते विचारतं. जुळं म्हणजे बहुतेक वेळा एका माजात दोन बीजांडं सुटलेली. माझं काम बीजांड सुटण्याच्या अलीकडचं.

कत्तलखान्यातून शेळ्यांचे बीजांडकोश कोमट सलाइनमध्ये येतात. त्यांच्यावरच्या पारदर्शक फुगवट्यांत सुई घालून द्रव ओढायचा आणि पेट्री डिश मायक्रोस्कोपखाली धरायची. नवखी पोरं बीजांडाचा गोल गडद ठिपका शोधतात. मी आधी त्याच्याभोवतीचे क्युम्युलस पेशींचे थर बघते. दाट असले तर घ्यायचं, उघडं पडलेलं बाजूला सारायचं.

कारण बीजांडाला ग्लुकोज स्वतः फारसं फोडता येत नाही. ग्लुकोज फोडण्याच्या साखळीतलं फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर त्याच्यात फार कमी चालतं. भोवतीच्या पेशी ग्लुकोज ओढतात, त्याचं पायरुवेट करतात आणि ते बीजांडाला पुरवतात. एखाद्या घरात म्हातारीला भाकरी कुस्करून द्यावी, तसं.

किती ओढायचं, याचा निरोप बाहेरून येतो. इन्सुलिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटलं की आत पीआय-३ कायनेज हे विकर जागं होतं, ते एकेटी या दुसऱ्या विकराला जागं करतं, आणि पेशीत थांबलेले ग्लूट-४ नावाचे वाहक पृष्ठभागावर येऊन ग्लुकोज आत घेऊ लागतात. म्हणून निवडलेली बीजांडं ज्यात ठेवतो त्या मीडियममध्ये आम्ही इन्सुलिन घालतो, इन्क्युबेटर ३८.५ अंशांवर, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के.

साधारण दिवसभरानं डिश काढावी, तर घट्ट थर फुगून सैल झालेले असतात, पिपेटच्या टोकाला तार धरतात. ती चिकटाई हायलुरॉनिक आम्लाची, आणि तीही ग्लुकोजपासूनच बनलेली. ग्लुकोज कमी पडलं तर थर नीट फुलत नाहीत. बेसुमार झालं तर बीजांडच बिघडतं.

गावाकडे जाणती माणसं शेळी बोकडाकडे नेण्याआधी काही दिवस मक्याचा भरडा चालू करतात. मेंढ्यांवरच्या अभ्यासातही असा थोड्या दिवसांचा खुराक जास्त बीजांडं सुटायला मदत करतो असं दिसलंय. त्यात रक्तातलं ग्लुकोज आणि इन्सुलिन वाढतं. आमच्याकडे दुष्काळात पहिला हात आखडतो तो याच भरड्यावर. मग एकच करडू झालं की दोष बोकडाच्या माथी मारतात. मला कुणी विचारलं, तर वंशावळीआधी मी माजापूर्वीची गव्हाण बघेन.