खर्जाचे ओझे

वाद्यांच्या वजनाविषयी संगीताच्या ग्रंथांत एखादा अध्याय असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. स्वर, श्रुती, ताल आणि लय यांवर पंडितांनी पानेच्या पाने खर्ची घातली आहेत. परंतु ते वाद्य घरापासून मंडपापर्यंत कोणी नेले, नेताना कोणाची कंबर धरली आणि कोणाचा खांदा भरून आला, याविषयी ग्रंथकार मौन पाळतात. विशीत हे मौन कोणाला खटकत नाही. सत्तरी उलटली म्हणजे मात्र असे वाटू लागते, की सप्तसुरांच्या जोडीला शेर-छटाकांचाही थोडा विचार झाला असता, तर पुष्कळ वादक म्हातारपणीही वाजवीत राहिले असते.

माझे वाद्य बेस गिटार. हे नाव वाचून काही वाचकांच्या कपाळावर आठी उमटेल, हे मी जाणून आहे. त्यांनी क्षणभर तंबोऱ्याची शेवटची, पितळेची, खर्जाची तार आठवावी. ती तार स्वतः काही गात नाही. पण गाणाऱ्याच्या पायांखाली ती जमीन घालते. बेस गिटारीचे काम पुष्कळसे तेच. फरक इतकाच, की तंबोऱ्याचा खर्ज एका जागी स्थिर असतो आणि हा खर्ज गाण्याबरोबर चालतो. हिलाही तारा चारच. त्यांतील सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते आणि तिची लहर हवेत आठ मीटरांहून अधिक लांब असते. म्हणजे आमच्या माजघरात ती मावायचीच नाही. मनुष्याचा कान इतक्या खालच्या स्वराला मंद असतो. तार-सप्तकातील स्वर थोड्या शक्तीने मंडपाच्या टोकापर्यंत जातो. खर्ज तितकाच ऐकू यावयाचा तर त्याला कितीतरी अधिक शक्ती लागते. जाड तारा, लांब दांडी, मोठा ध्वनिवर्धक आणि पेटाऱ्याएवढा स्पीकर हा सगळा संसार त्यातूनच उभा राहतो.

१९७० नंतरच्या दशकात राहुलदेव बर्मन यांची चित्रपटगीते घरोघरच्या रेडिओवरून ऐकू येऊ लागली. त्यांच्या वाद्यवृंदात बेस गिटार वाजवीत ते टोनी वाझ. शब्द आणि चाल यांच्या खाली आणखी एक चाल वाहत असते, हे माझ्या पिढीतील अनेकांना त्या गीतांनी शिकविले. मला त्या खालच्या चालीचेच वेड लागले. पोस्टातील नोकरीचे पहिले काही पगार साठवून १९७७ साली मी कलकत्त्यात बनलेली एक बेस गिटार घेतली. तिचे वजन साडेचार किलो. त्या वेळी ते वजन मला भूषणच वाटे.

आमचे पुलगाव वर्धा नदीच्या काठी, रेल्वेच्या हमरस्त्यावर. कापडगिरणी आणि लष्करी दारूगोळ्याचे कोठार यांच्यामुळे या लहान गावात नाना प्रांतांची माणसे आली. आमच्या वाद्यवृंदात ड्रम वाजविणारा मल्याळी होता, ॲकॉर्डियन वाजविणारा बंगाली होता आणि गाणारे मात्र अस्सल वऱ्हाडी. गणेशोत्सव आणि शारदोत्सव आले म्हणजे आम्हांला उसंत नसे. आर्वीला कार्यक्रम असला की अडीच फुटी रुळांवरून धावणाऱ्या त्या चिमुकल्या गाडीने आम्ही निघत असू. सुमारे ३५ किलोमीटरांचा तो मार्ग आता बंद पडला आहे. पण त्या गाडीत माझा स्पीकर चढविताना चार जणांनी घातलेल्या हाका अजून माझ्या कानांत आहेत. तो स्पीकर नागपूरच्या एका सुताराने जाड फळ्यांचा बांधला होता. त्याला उचलावयाचे तर आधी मारुतीचे नाव घ्यावे लागे.

पुढे १९९६ साली आईचे आजारपण आणि मुलांची शिक्षणे एकदमच आली. वाद्यवृंदातील मंडळीही बदल्यांनी पांगली होती. गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर गेली, आणि अठ्ठावीस वर्षे तेथेच राहिली.

गेल्या गणेशोत्सवापूर्वी आमच्या पुतण्याचा मुलगा मंडळाच्या मुलांना घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "धाकटे आजोबा, आम्ही जुनी गाणी बसवतो आहोत. बेस वाजवणारे गावात दुसरे कोणी नाही." असे म्हटल्यावर सत्तरीचा मनुष्य नाही कसा म्हणेल? माळ्यावरून गिटार उतरली, तारा बदलल्या. बोटांना सारे आठवत होते. आठवत नव्हते ते डाव्या खांद्याला. तिसऱ्या दिवशी हात वर करून सदरा घालणे अशक्य झाले. वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी खांदा तपासला आणि थोडक्यात निकाल दिला, "वाजवण्याला माझी हरकत नाही, ओझ्याला आहे."

हलके वाद्य घ्यावे असे मी रात्री जेवताना बोलून दाखविले. आमच्या घरात अजून एकच चूल आहे आणि ज्येष्ठ बंधू म्हणजे दादा यांचा शब्द अजून मानला जातो. ते ऐंशीच्या घरातले, निवृत्त शिक्षक आणि भाषेचे भोक्ते. ते म्हणाले, "अरे, हलके वाद्य आणि हलके संगीत यांत फारसे अंतर नसते. आपली मराठी उगीच का वजनदार माणूस म्हणते? भारदस्त आवाज म्हणते? हलका हा शब्द आपण कोणासाठी वापरतो ते पाहा."

यावर पंगतीत हशा पिकला. वहिनी म्हणाल्या, "आणि सुगरणीचा हात हलका असावा म्हणतात, ते का?" तेव्हा दादांनी ताकाची वाटी तोंडाला लावली. मला मात्र त्यांचे बोलणे लागले. कारण त्यात माझ्याविषयी जितके होते, तितकेच त्यांच्या स्वतःविषयी होते.

आमच्या माजघरात वडिलांनी घेतलेली पायपेटी आहे. घरच्या गणपतीपुढे रोज रात्री आरतीनंतर दादा तिच्यावर दोन पदे वाजवीत. गुडघ्यांनी असहकार पुकारल्यापासून, म्हणजे गेली तीन वर्षे, तिचे झाकण उघडलेले नाही. हाताने भाता चालविण्याची पेटी घेऊन द्यावी, असे मुलांनी दोनदा सुचविले. "ती भजनीबुवांची पेटी. ती आपल्याला नको," म्हणून दादांनी विषय मिटविला. तेव्हापासून आमच्या गणपतीपुढे आरती होते आणि नंतर सगळे झोपावयास जातात.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर मी दादांजवळ बसलो आणि त्यांना त्या पायपेटीचाच इतिहास सांगितला. हार्मोनियमचे पेटंट अलेक्झांडर दबँ याने पॅरिसमध्ये १८४२ साली घेतले. ते वाद्य पायाने हवा भरण्याचे, खुर्चीवर बसून वाजविण्याचे. पुढे १८७५ च्या सुमारास कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले, भाता पाठीमागे घेतला आणि बैठकीवर मांडता येईल अशी पेटी केली. ती हलकी झाली म्हणूनच देवळात गेली, कीर्तनात गेली, खेडोपाडी गेली. पाय होते तोवर ती दिवाणखान्याची होती. पाय गेल्यावर ती देशाची झाली.

माझ्या वाद्याचा जन्मही ओझ्याच्या कंटाळ्यातूनच झालेला आहे. पूर्वी खर्जासाठी डबल बेस हे पुरुषभर उंचीचे व्हायोलिन उभे धरावे लागे. ते मोटारीत मावत नसे आणि मोठ्या वाद्यवृंदात ऐकूही जात नसे. कॅलिफोर्नियात रेडिओ दुरुस्त करणारे लिओ फेंडर यांनी १९५१ साली ते आडवे केले, सपाट फळीचे केले, त्याच्या दांडीवर पडदे बसविले आणि त्याचा आवाज विजेच्या स्वाधीन केला. आज जिला मी जड म्हणतो, ती बेस गिटार त्या काळी हलकेपणाचा चमत्कार होती. आणि मिरजेचा तंबोरा? ज्या मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांचा गाभा म्हणजे वाळलेला, आतून पोकळ भोपळा. पोकळ आणि हलका आहे म्हणूनच तो घुमतो.

दादांनी सर्व ऐकून घेतले आणि "बरे" एवढेच म्हणून वर्तमानपत्र उघडले.

मी नातवाला घेऊन नागपूरला गेलो. सीताबर्डीवरच्या दुकानात प्रथम मी सर्वांत हलकी बेस गिटार मागितली. ती गळ्यात अडकविली आणि मोठी मौज झाली. हात सोडताच तिची दांडी जमिनीकडे झुकली. धड फार हलके केलेले. खुंट्यांचे लोखंड मात्र होते तितकेच. तराजूचे एक पारडे रिकामे केले तर दुसरे खाली जाणारच. ती दांडी वर धरण्यासाठी डाव्या हाताला सतत टेकू द्यावा लागे आणि तोच तर माझा दुखरा खांदा. पाव तासात मी साडेचार किलोंच्या गिटारीहून अधिक थकलो. वजन आणि तोल या दोन निराळ्या वस्तू आहेत, हे मला त्या दुकानात समजले. तोल असलेले ओझे पुष्कळ वेळ वाहता येते. तोल गेलेला हलकेपणा लवकर थकवितो.

मग शोध सुरू झाला तो आखूड दांडीचा. फेंडर यांनी तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच ठरविली. आखूड जातीत ती ३० इंच असते. त्यामुळे डावा हात फार लांब न्यावा लागत नाही आणि पहिल्या पडद्यांवर बोटे फाकवावी लागत नाहीत. बीटल्स मंडळातील पॉल मॅकार्टनी यांनी १९६१ साली हांबुर्ग येथे घेतलेली हॉफनर गिटार याच जातीची, व्हायोलिनच्या आकाराची आणि पोकळ. ती १९७२ साली चोरीस गेली आणि अर्धे शतक लोटल्यावर सापडली. २०२४ च्या फेब्रुवारीत ती परत मिळाल्याचे जाहीर झाले. मॅकार्टनी ऐंशी ओलांडूनही त्याच जातीची गिटार घेऊन रंगभूमीवर उभे राहतात. यात त्या वाद्याच्या वजनाचा काहीच वाटा नसेल, असे मला वाटत नाही.

तीन किलोंच्या आतबाहेरची, आखूड दांडीची आणि हात सोडला तरी आडवी राहणारी गिटार अखेर मिळाली. तिच्यासाठी चार बोटे रुंदीचा पट्टा घेतला; कारण तेच वजन रुंद जागी पसरले म्हणजे खांद्याला रुतत नाही. ध्वनिवर्धकाने तर मला थक्क केले. १९६९ साली मोठ्या मैदानांसाठी निघालेला अँपेगचा एक प्रसिद्ध ध्वनिवर्धक स्पीकरावाचूनच सुमारे ४० किलोंचा होता. काचेचे दिवे आणि लोखंडाचे मोठाले ट्रान्स्फॉर्मर यांचा तो भार. नव्या पद्धतीत विजेचा प्रवाह सेकंदाला लक्षावधी वेळा चालू-बंद करून तेच काम साधतात. उष्णतेत शक्ती फारशी वाया जात नाही आणि लोखंडाचे मोठाले ट्रान्स्फॉर्मरही लागत नाहीत. माझा नवा ध्वनिवर्धक अडीच किलोंचा आहे. स्पीकरात निओडिमियमचे चुंबक आहे. ते लहान असून बलवान. दोन्ही मिळून मी एकटा रिक्षात ठेवतो.

काहीच गमावले नाही असे म्हणणे खरे होणार नाही. जुन्या फळ्यांच्या पेटाऱ्यासमोर उभे राहिले की खर्ज कानाआधी छातीला कळे आणि धोतराचा सोगा थरथरे. नव्या स्पीकरात तो धक्का नाही. आखूड तारेचा स्वरही थोडा मऊ, थोडा गोल येतो. पण माझ्या वयाला तो मऊपणा शोभून दिसतो, असे मी स्वतःला सांगतो. आणि बहुतेक दिवस ते मला पटतेही.

जुनी गिटार मी विकली नाही. मंडळातील एका गिरणी-कामगाराच्या नातवाला ती दिली. त्याचा खांदा अठरा वर्षांचा आहे. ती घेताना "केवढी भारी आहे!" असे तो म्हणाला. त्याला वजन म्हणावयाचे होते की मोल, हे मी विचारले नाही. हल्लीची मुले दोन्हींसाठी तोच शब्द वापरतात.

गणेशोत्सवात मी सात गाणी उभ्याने वाजविली. दादा पहिल्या रांगेत काठीवर दोन्ही हात ठेवून बसले होते. घरी परतल्यावर त्यांनी गिटार मागितली, दोन्ही तळहातांवर आडवी तोलून पाहिली आणि काही न बोलता परत दिली. अनंतचतुर्दशीच्या आदल्या रात्री आरती आटोपून मंडळी उठू लागली, तेव्हा त्यांनी मला थांबविले. माजघरातल्या पायपेटीकडे पाहत, मुलांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "अरे, तुझ्या त्या नागपूरच्या दुकानात हातपेट्या ठेवतात का? टेबलावर मांडून, खुर्चीवर बसून वाजवता येईल, अशी हवी."