शिरूर कासारचे चढ आणि जुनी व्हॅन

बीड शहराच्या वायव्येस, सिंदफणा नदीच्या काठी शिरूर कासार हे तालुक्याचे गाव वसले आहे. महाराष्ट्रात शिरूर नावाची गावे अनेक. पुणे जिल्ह्यातील घोडनदीकाठचे शिरूर आणि लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ यांच्याशी गल्लत होऊ नये, म्हणून या गावाला ‘कासार’ हे उपपद उपयोगी पडते. कासार म्हणजे बांगड्यांचा आणि तांब्या-पितळेच्या भांड्यांचा व्यवसाय करणारा समाज. गावाच्या नावातच व्यापार आहे. पाटोद्याकडील डोंगरात उगम पावलेली सिंदफणा येथून पुढे माजलगावच्या धरणात विसावते आणि मंजरथजवळ गोदावरीला मिळते.

हा मुलूख बालाघाटच्या रांगांचा आणि कमी पावसाचा. बाजरी, तूर आणि कापूस ही येथील पिके. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी कुटुंबेच्या कुटुंबे बाहेर पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. त्यांच्या जाण्यापूर्वीचे थोडे दिवस म्हणजे येथील दुकानदाराचा हंगाम. मुकादमाकडून मिळालेल्या उचलीतून कापड, भांडी, किराणा यांची खरेदी होते. रायमोहा, खालापुरी, तिंतरवणी, मानूर अशा गावांपर्यंत माल पोहोचवायचा तो याच दिवसांत. पश्चिमेला पाथर्डीची हद्द लागते आणि भगवानगडाच्या बाजूला डोंगराळ रस्ते सुरू होतात.

या रस्त्यांवर अनेक लहान व्यापाऱ्यांची भिस्त जुन्या व्हॅनवर असते. मारुतीची व्हॅन १९८४ साली बाजारात आली, पुढे ‘ओम्नी’ या नावाने घरोघरी पोहोचली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ७९६ सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन पुढच्या आसनांखाली आणि ओढ मागच्या चाकांना, अशी तिची रचना. हातातील दांडा एकीकडे आणि गियरबॉक्स दुसरीकडे असल्याने दोहोंना जोडणारा रॉड आणि त्यावरील बुश यांना महत्त्व येते. वर्षानुवर्षांची धूळ आणि हादरे आधी झिजवतात ते या लहान भागांना.

भर हंगामात गियर पडेनासा झाला की दुकानदाराच्या मनात पहिला विचार येतो तो गियरबॉक्स उतरविण्याचा. त्यात खर्च मोठा आणि गाडी किती दिवस उभी राहील याचा नेम नाही. परंतु ताळेबंद जुळला नाही तर कोणी लगेच नवी खतावणी लिहावयास घेत नाही. आधी बेरजा तपासतो, मग रोजकीर्द उघडतो. गाडीचेही तसेच आहे. स्वस्त आणि बाहेरचे आधी तपासावे, महाग आणि आतले शेवटी.

पहिली परीक्षा सपाट जागी, हँडब्रेक ओढून, इंजिन बंद ठेवून करावी. क्लच दाबून सर्व गियर टाकून पाहावेत. इंजिन बंद असता गियर सहज पडतात आणि चालू असता अडतात, तर संशय क्लचवर जातो: तार ताणली गेली आहे, पेडलाची मोकळीक वाढली आहे किंवा क्लच पूर्ण सुटत नाही. क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबल्यावरही रिव्हर्स खरखरत असेल, तर हा संशय बळावतो. इंजिन बंद असतानाही दांडा अडत असेल, तर आधी रॉड, बुश आणि सांधे पाहावेत. दांडा सैल डुलतो, पहिला टाकावा तर तिसरा लागतो, ही बुश झिजल्याची नेहमीची खूण होय.

एकच गियर, उदाहरणार्थ दुसरा, कुरकुरतो आणि बाकीचे नीट पडतात, तेव्हा दोष बहुधा त्या गियरच्या सिंक्रोनायझर रिंगेत असतो. पहाटेच्या गारव्यात सर्वच गियर जड आणि गाडी तापली की हलके, असे असेल तर गियर ऑइल पाहावे. ते जुने झाले असेल तर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. माल भरून चढ चढताना इंजिनचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, तर गियर निर्दोष आहे. क्लचप्लेट घसरते आहे.

एका लक्षणाकडे मात्र हंगामासाठीही काणाडोळा करू नये. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच गियर आपोआप सुटू लागला, तर इंजिनचा आवर जातो आणि भरलेल्या गाडीचा सारा भार ब्रेकवर येतो. दोष रॉडच्या जुळणीत, इंजिनच्या माउंटिंगमध्ये किंवा गियरबॉक्समधील फोर्कमध्ये असू शकतो. परंतु तो सापडेपर्यंत ती गाडी घाटात नेऊ नये. माल एक दिवस उशिरा पोहोचला तर गिऱ्हाईक समजून घेते.

सोसाट्याने आलेल्या मोठ्या खर्चाला ‘हो’ म्हणण्यापूर्वी गॅरेजमध्ये एवढेच विचारावे: इंजिन बंद असता गियर पडतात का, आणि बुश पाहिले का? जाणता मिस्त्री या प्रश्नाने रागावत नाही. तो स्वतःच गाडीखाली शिरून आधी तेच पाहतो. शिरूरच्या परिसरात जुन्या व्हॅन अजून धावत आहेत, त्या अशाच मिस्त्रींच्या आणि कान देऊन गाडी चालविणाऱ्या मालकांच्या भरवशावर.