एक इंच खाली

आज १९६६च्या मस्टँगच्या पुढच्या सस्पेन्शनचे वरचे कंट्रोल आर्म एक इंच खाली घेतले. इंजिनाची ताकद आधीच वाढवलेली. पण वळणावर गाडी झुकायची आणि बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक तिरपं पडायचं. आर्म खाली आला की तेच चाक वळणात ताठ राहतं, टायर रुंदीभर रस्ता धरतो. ही कल्पना फोर्डच्या क्लाउस आर्निंग यांची. कॅरोल शेल्बींनी ती आपल्या १९६५च्या मस्टँग जीटी ३५०मध्ये वापरली. लागतं काय? आर्म खाली बसवायला प्रत्येक बाजूला दोन नवी भोकं आणि अचूक मोजमाप. महागड्या कॉइलओव्हर सस्पेन्शनपेक्षा मला हेच मोलाचं वाटतं. मागचे पाटे तूर्त आहेत तसेच. हे काम करणाऱ्यांनी मात्र व्हील अलाइनमेंट केल्याशिवाय गाडी पळवू नये.