लोफोतेनचा पाऊस आणि बाबांची पाण्याची बाटली

'डॉक्टर, आईला घेऊन चार दिवस बाहेर जाऊ ना?' असा प्रश्न घेऊन माझ्या दवाखान्यात येणारे तुमच्यासारखे अनेक जण आहेत. मी रक्तदाब पाहतो, गोळ्यांची यादी लिहून देतो आणि 'अवश्य जा' असे सांगतो. गेल्या जूनमध्ये माझ्या ७९ वर्षांच्या वडिलांना घेऊन मी स्वतः नॉर्वेच्या उत्तरेकडील लोफोतेन बेटांवर गेलो, तेव्हा हे उत्तर किती अपुरे आहे ते मला उमगले.

माझी मुलगी नोकरीनिमित्त ऑस्लोला असते. बेत तिचाच होता. स्वोल्वेरपर्यंत विमानाने जायचे, तेथे भाड्याची गाडी घ्यायची आणि तीन दिवसांत रस्ता संपतो त्या गावापर्यंत पोहोचायचे. एकूण अंतर सुमारे १३० किलोमीटर, म्हणजे पुणे-मुंबईपेक्षाही कमी. हा रस्ता पुलांवरून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जातो आणि एके ठिकाणी चक्क समुद्राच्या तळाखालील बोगद्यातून पलीकडे निघतो. सह्याद्रीचे कडे कोणी उचलून थेट समुद्रात उभे करावेत, तसे तेथील डोंगर आहेत. त्यांच्या पायथ्याशी खांबांवर उभी असलेली कोळ्यांची लाल लाकडी घरे. मासे वाळवण्याच्या उंच लाकडी मांडण्या पाहून बाबांना कोकणातले बोंबील आठवले. फरक एवढाच, की येथे कॉड मासा मीठ न लावता हिवाळ्याच्या अखेरीपासून थंड वाऱ्यावर महिनोन्महिने टांगून ठेवतात.

हवामानाचे काय सांगावे! निघालो तेव्हा लख्ख ऊन होते, गिम्सोयच्या पुलावर गाडी हलावी असा वारा, आणि नुस्फ्योर या चिमुकल्या बंदरात उतरलो तो आडवा पाऊस. तापमान ८ अंश असले तरी त्या वाऱ्यात अंगाला ते ३ अंशांसारखे बोचत होते. मुलगी दर तासाला फोनवर हवामानाचा अंदाज पाहत होती आणि मी तिच्या खांद्यावरून डोकावत होतो. आकाशावर आम्हा दोघांचे लक्ष होते. बाबांवर कोणाचेच नव्हते.

तिसऱ्या दिवशी सकाळी रायने या गावी न्याहारी करून आम्ही बंदर पाहायला निघालो. गाडीपाशी येताच बाबांनी दाराची मूठ घट्ट धरली आणि ते हळूहळू खाली बसले. चेहरा पांढराफटक. पक्षाघात, हा माझ्या मनात आलेला पहिला शब्द. 'बाबा, हसून दाखवा. दोन्ही हात वर करा. तुमचं पूर्ण नाव सांगा.' त्यावर ते वैतागून म्हणाले, 'माझं नाव तुला ठाऊक नाही काय?' ते स्पष्ट, खणखणीत वाक्य मला त्या क्षणी अमृतासारखे वाटले.

त्यांना मागच्या आसनावर आडवे केले. रक्तदाब मोजण्याचे यंत्र जवळ होते. झोपून ११८/७०, आधार देऊन उभे केल्यावर ८६/५४. नाडी जलद, जीभ कोरडी. पाणी प्यालात का, असे विचारले असते तर 'हो' हेच उत्तर आले असते. गेले दोन दिवस तेच येत होते. म्हणून विचारले, 'कालपासून लघवीला किती वेळा गेलात?' बराच वेळ ते गप्प राहिले. मग म्हणाले, 'दोनदा.'

हळूहळू सगळे बाहेर आले. स्वच्छतागृह दूर, पाऊस, अंगावर कपड्यांचे चार थर, आणि दर वेळी नातीला गाडी थांबवायला सांगायचे. 'पोरीचा खोळंबा नको' म्हणून त्यांनी पाणी घोटा-घोटावर आणले होते. एवढ्यावर भागले नव्हते. मेअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत तेथे सूर्य मावळतच नाही. रात्री दोनला जाग आल्यावर पडद्यातून ऊन दिसले, तेव्हा त्यांनी सकाळची गोळी घेतली आणि पुन्हा झोपले. न्याहारीनंतर परत घेतली. पाकीट मोजले, तर हिशेबापेक्षा एक गोळी कमी होती. त्या गोळीत रक्तदाबाच्या औषधाबरोबर लघवी वाढवणारे औषधही असते. दिवसांचे कप्पे असलेली डबी मी रुग्णांना आग्रहाने घ्यायला लावतो. वडिलांची डबी सुटकेसच्या तळाशी होती, आणि ती तेथे मीच ठेवली होती.

थंडीत पाणी कमी पडत नाही, असा आपला समज असतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, गारठ्यात ती आणखी बोथट होते. शिवाय थंडीने त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्त शरीराच्या आतल्या भागात सरकते, आणि मूत्रपिंडांना वाटते की पाणी जास्त झाले आहे. ती लघवी अधिक तयार करतात. म्हणजे आत येणारे पाणी कमी आणि बाहेर जाणारे जास्त. अशा वेळी माणूस एकदम उभा राहिला, की रक्तदाब कोसळतो.

तातडीच्या वैद्यकीय सल्ल्यासाठी नॉर्वेत ११६११७ हा क्रमांक आहे, रुग्णवाहिकेसाठी ११३. मी पहिला लावला. पलीकडच्या परिचारिकेने इंग्रजीत शांतपणे सगळे विचारून घेतले आणि पाय उंच, अंग उबदार ठेवून थोडे थोडे द्रव द्यायला सांगितले. तीन तासांत सुधारणा झाली नाही, तर तासाभराच्या अंतरावरच्या लेक्नेसला आणायचे ठरले. मी डॉक्टर असूनही तो फोन केला, कारण आपल्याच माणसाच्या बाबतीत डॉक्टरची नजर भरवशाची राहत नाही. (तुम्ही मात्र अशा वेळी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असलेल्यांनी, पाणी किती प्यायचे ते निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्यावे.)

क्षारसंजीवनीचे पाकीट पाण्यात विरघळवले आणि दर पाच मिनिटांनी दोन-दोन घोट दिले. दोन तासांनी उभे राहूनही रक्तदाब ११० वर टिकला. दुपारी बाबा म्हणाले, 'मला जरा जाऊन यायचंय.' पित्याला लघवीला लागली म्हणून पुत्राला इतका हर्ष व्हावा, असे प्रसंग आयुष्यात थोडेच येतात.

मुक्काम एक दिवस वाढवला. गोळ्यांची डबी मुलीच्या खिशात गेली. ती घड्याळ पाहूनच गोळी हातावर ठेवू लागली. गरज असो वा नसो, दर तासाला गाडी थांबवायची, आणि थांबायला सांगायचे ते बाबांनी नव्हे, आम्ही. परतल्यापासून मी दवाखान्यात औषधांच्या यादीखाली एक ओळ वाढवली आहे: 'गाडी कोण आणि किती वेळाने थांबवणार?' ती वाचून नातेवाईक हसतात. घरचे वृद्ध गृहस्थ मात्र माझ्याकडे नीट पाहतात.

रस्ता जेथे संपतो, त्या गावाचे नाव 'ऑ', नॉर्वेजियन वर्णमालेतील अखेरचे अक्षर. आम्ही पोहोचलो तेव्हा भुरभुर पाऊस होता आणि समोरच्या समुद्रावर मात्र ऊन. गाडीतून उतरल्यावर बाबांनी ना डोंगर पाहिला ना समुद्र. नातीला मोठ्याने विचारले, 'बाथरूम कुठे आहे गं इथे?' तिने हात करून दाखवले. मग त्यांनी बाटलीचे झाकण उघडले आणि तेथेच उभे राहून अर्धी बाटली संपवली.