चिनारचा रंग आणि माझ्या मेणबत्त्या

मैत्रिणींनो, पानगळ म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? खराटा! माघ-फाल्गुनात दारचा बदाम लाल-पिवळी पाने टाकू लागला की आपण ती गोळा करतो नि कुरकुरतो. आपल्याकडची झाडे खरी नटतात ती पालवी फुटताना. चैत्राच्या तोंडावर घाटातला कुसुंब पाहा, कोवळी पाने कशी लालचुटूक असतात! म्हणजे आपला लाल रंग येण्याचा. जाताना लाल होणारे झाड पाहायला मला थेट श्रीनगर गाठावे लागले. आणि तो रंग घरी आणताना जी फजिती झाली, तीच आज तुम्हाला सांगायची आहे.

खरे तर काश्मीरला जायचे होते सासूबाईंना. १९९० च्या मे महिन्यात त्या आणि मामंजी एका सहलीबरोबर निघणार होते. पैसे भरलेले, दोघांचे स्वेटर विणून तयार. पण त्या वर्षाच्या सुरुवातीलाच खोऱ्यातली परिस्थिती बिघडली आणि सहल रद्द झाली. परत आलेल्या पैशांतून शिवणयंत्र आले. त्या यंत्रावर सासूबाईंनी निम्म्या आळीची पोलकी आणि परकर शिवले. पुढे मामंजी गेले, आणि नंतर सासूबाईंचे डोळे अधू झाले. डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा आजार. समोरचे माणूस पुसल्यासारखे दिसते, कडेकडेचे मात्र अजून थोडे दिसते.

२०२४ च्या दिवाळीत आमचे जायचे ठरले, तेव्हा मीच नको नको म्हणत होते. त्यांना ठेवून आपण मजा मारायला जायचे, कसेसेच वाटत होते. तर त्या म्हणाल्या, "तू जा. आणि आल्यावर मला नीट सांग. माझ्या लेकासारखं 'छान होतं' एवढ्यावर भागवू नकोस."

भाऊबीज आटोपली, मुलांना माझ्या आईकडे ठेवले, वन्सं सासूबाईंच्या सोबतीला आल्या, आणि आम्ही साताऱ्याहून निघालो. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने जम्मू, तिथून मोटारीने श्रीनगर. बनिहालचा लांबलचक बोगदा संपला आणि खोरे दिसले. भातशेती कापून झालेली, चिनार आणि सफेदे पिवळे पडलेले. ह्यांनी लगेच "छान आहे" म्हटले!

हजरतबलजवळ, दल सरोवराच्या पश्चिम काठाला, विद्यापीठाच्या आवारात नसीम बाग आहे. मोगलांच्या काळापासूनची ही चिनारांची बाग. एकेका बुंध्याला चार माणसांनी हात धरून कवेत घ्यावे असे वृक्ष. काश्मिरीत चिनारला 'बूनी' म्हणतात आणि या ऋतूला 'हरुद'. पान आपल्या पसरलेल्या पंज्यासारखे. एकाच फांदीवर हिरवे, पिवळे, मधाच्या रंगाचे, तांबूस आणि करडे पान एका वेळी! खाली पानांचा एवढा थर, की चालताना पाऊल बुडत होते.

तिथे एक गोष्ट पाहिली. बायका पाने झाडून ढीग करत होत्या, पेटवत होत्या आणि मध्येच पाण्याचे शिंतोडे मारून विझवत होत्या. मला वाटले, कचरा जाळताहेत. आम्ही ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या बाई हसल्या. म्हणाल्या, हा कचरा नाही, हा कोळसा. हिवाळाभर कांगडीत, म्हणजे वेताच्या विणीत बसवलेल्या मातीच्या शेगडीत, तो घालायचा आणि ती फेरनच्या आत घेऊन बसायचे. झाड उन्हाळ्यात सावली देते आणि थंडीत ऊब. संध्याकाळी सगळ्या शहराला त्या धुराचा वास येतो. वर घरोघरच्या कहव्यातली दालचिनी, वेलदोडा. तो वास मी अजून विसरले नाही.

घरी आले. सासूबाई वाटच पाहत होत्या. "हं, सांग. रंग कसा होता?"

"तांबूस."

"विटकरी का?"

"विटकरी, पण आतून दिवा लावल्यासारखा."

"म्हणजे केशरी?"

"नाही हो, केशरी नाही."

"मग सांग ना नीट! मराठी शिकवतेस ना शाळेत?"

गप्पच बसले मी. आणलेली पाने त्यांच्या हातात दिली, पण ती वाटेतच वाळून तपकिरी झाली होती. तेव्हा मनात आले, मला सुगंधी मेणबत्त्या करता येतात. दर दिवाळीत शाळेच्या विक्रीसाठी करतेच. मग तो रंग मेणातच का धरू नये?

पहिला प्रयोग केला स्वयंपाकघरातल्या खायच्या रंगाचा. तो पाण्यात विरघळणारा, मेण तेलकट. सगळा रंग तळाशी मणी होऊन बसला. हौसेने आणलेले पांपोरचे केशर चार काड्या घालून पाहिले, तर त्याचाही रंग उतरेना. केशर दुधातच शोभते, बायांनो, मेणात वाया घालवू नका. मग मुलांचे मेणाचे खडू किसून घातले. रंग सुरेख आला, पण त्यातली पूड वातीत अडकून ज्योत विझू लागली. शेवटी पुण्याहून मेणबत्तीचे तेलात विरघळणारे रंग मागवले.

आता प्रमाण सांगते. एक किलो पॅराफिन मेण, शंभर ग्रॅम स्टिअरिक ॲसिड. याने मेणबत्ती घट्ट होते आणि रंग दाट दिसतो. मेण कधीही थेट आचेवर ठेवू नका. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात मेणाचा डबा. चुकून पेट घेतलाच तर पाणी अजिबात मारू नका, गॅस बंद करून वर घट्ट झाकण ठेवा. आणि उरलेले मेण मोरीत ओतू नका, नळी तुंबते.

लाल आणि पिवळा मिसळून नारिंगी केला, तर तो झाला जिलबीसारखा भडक! दोन दिवस डोके खाजवले. मग नसीम बागेतले पान आठवले. पान कितीही लाल झाले तरी शिरांच्या कडेला थोडा हिरवा शिल्लक असायचा. दिवस लहान झाले, थंडी पडली की पानातले हिरवे द्रव्य ओसरते, पण सगळे एकदम जात नाही. म्हणून मी त्या नारिंगीत काडीच्या टोकावर मावेल एवढाच हिरवा घातला. आणि काय सांगू! भडकपणा गेला, रंग पिकल्यासारखा झाला. आणखी कणभर घातला तर तपकिरी. पिवळ्यात किंचित नारिंगी आणि हिरव्याचा कण घातला की मोहरीचा पिवळा. लक्षात ठेवा, हे रंग फार कडक असतात, किलोला चिमूट पुरते. वितळलेले मेण गडद दिसते, थिजल्यावर फिके होते. म्हणून दर वेळी पांढऱ्या बशीवर थेंब टाकायचा, थिजू द्यायचा, मगच ठरवायचे.

गडद लालसाठी एक घरगुती युक्ती. श्रीनगरच्या त्या बाईंनी मला रोगनजोशच्या रंगाकरिता रतनजोतीची मुळे दिली होती. हा रंग तेलातच उतरतो, त्यामुळे मेणातही उतरतो. पातळ फडक्यात पुरचुंडी बांधून गरम मेणात अर्धा तास ठेवली, छान वाइनसारखा रंग आला. असले वनस्पतींचे रंग उन्हात उडतात, तेव्हा मेणबत्ती खिडकीत ठेवू नये.

सुगंधासाठी दालचिनी आणि संत्र्याचे मेणबत्तीत चालणारे तेल घेतले, किलोला साठ ग्रॅम. मेण आचेवरून उतरवून, ओतण्याआधी घालून दोन मिनिटे ढवळायचे. आधी मी शहाणपणाने दालचिनीची पूडच घातली होती, तर ज्योतीजवळ ती पेटून ठिणग्या उडाल्या! पानांच्या धुराचा वास मात्र कुठल्याच बाटलीत मिळत नाही.

स्टीलच्या पेल्याला आतून तेलाचा हात लावून, मध्ये वात ताणून, चार थर ओतले. खाली तपकिरी, मग गडद लाल, मग तांबूस, वर पिवळा. आधीचा थर बोटाला घट्ट पण कोमट लागला की पुढचा ओतायचा. गरम असताना ओतला तर रंग मिसळतात, गार झाल्यावर ओतला तर थर सुटतात. वातीभोवती खळगा पडतो, तिथे सुईने टोचून पुन्हा थोडे मेण भरायचे.

मेणबत्ती सासूबाईंच्या समोर ठेवली. त्यांना काही दिसेना. मग त्यांनीच ती उचलून उजव्या हाताला, जरा कडेला ठेवली, मान वळवली आणि बराच वेळ बसून राहिल्या. पिवळ्या थरावर बोट ठेवून म्हणाल्या, "हा फोडणीतल्या हिंगाचा. हा तांबूस म्हणजे चिंच न लावलेलं तांब्याचं घंगाळ. आणि खालचा काताचा. एवढंच तर सांगायचं होतं तुला!"

खरेच, घंगाळच ते. महिनाभर मला न सुचलेला शब्द.

मेणबत्ती त्यांच्या खाटेशेजारी तशीच राहिली. लावली की संपेल, म्हणून त्या लावू देत नसत. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामला सव्वीस निरपराध माणसे मारली गेली, त्यांत आपल्या महाराष्ट्रातलेही होते. मी श्रीनगरच्या बाईंना फोन केला. दोघींनाही धड बोलता येईना. त्या रडत होत्या, मीही. सासूबाई सगळे ऐकत होत्या. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "लाव ती आज."

पिवळा थर त्या रात्री जळाला. बाकीचे अजून आहेत. संपल्यावर त्याच पेल्यात पुन्हा ओतेन म्हणते. रंगांची पुडी शिल्लक आहे, आणि हिरवा किती घालायचा ते आता ठाऊक झाले आहे.