आधी टायमिंग, मग कॉइल

इंजिनात पेट्रोल पेटतं, एवढं मला ठाऊक होतं. ते नेमकं कुठल्या क्षणी पेटायला हवं, हा प्रश्न पडला तो घरची जुनी प्रीमियर पद्मिनी चालती करायला घेतल्यावर. जानेवारी २०२३ मध्ये इथे वडोदऱ्यात, लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारात ‘२१ गन सॅल्यूट’चं जुन्या गाड्यांचं प्रदर्शन भरलं होतं. ते पाहून आल्यापासून दांडिया बाजारातल्या घरी झाकून ठेवलेली आजोबांची गाडी मला स्वस्थ बसू देईना.

गाडी सुरू झाली, पण पुलाच्या चढावर इंजिन टकटक वाजायचं आणि वेग वाढला की मिसिंग करायचं. कुणी म्हणालं, कॉइल बदला. कुणी म्हणालं, टायमिंग चढवा. पॉईंटच काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असाही सल्ला मिळाला. कुणाचं ऐकावं ते कळेना. शेवटी एका म्हाताऱ्या मेकॅनिककाकांनी बॉनेट उघडून एवढंच सांगितलं, “पहेलां टाइमिंग, पछी कॉइल.”

कारण त्यांनीच समजावलं. ठिणगी पडली तरी सिलिंडरभर आग पसरायला क्षणभर वेळ लागतो. म्हणून पिस्टन टॉपला पोचायच्या थोडं आधीच करंट पडावा लागतो. फार आधी पडला तर वर येणाऱ्या पिस्टनवरच दाब बसतो आणि नॉकिंग होतं. उशिरा पडला तर ताकद जाते, इंजिन तापतं. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसीचं, चार सिलिंडरचं. ते मिनिटाला ३००० फेरे घेतं तेव्हा सेकंदाला १०० ठिणग्या पडतात. हा हिशेब कागदावर मांडल्यावर मी थक्क झालो. वेग वाढेल तसं टायमिंग आपोआप पुढे सरकवायला डिस्ट्रीब्यूटरमध्ये स्प्रिंगने बांधलेली छोटी वजनं असतात. ती वर्षानुवर्षं साचलेल्या ग्रीसमध्ये अडकली होती. काकांनी ती आधी धुऊन मोकळी केली.

मग पॉईंटची, म्हणजे कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांची गॅप. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही फट फीलर गेजने लावायची. गॅप वाढली की पॉईंट लवकर उघडतो आणि टायमिंगही पुढे सरकतं. म्हणून गॅप लावल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही.

टायमिंग लावायला लागला फक्त एक बारा व्होल्टचा बल्ब. त्याची एक वायर कॉइलच्या पॉईंटकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला. इग्निशन चालू ठेवून, प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये हळूहळू पुढे ढकलायची आणि पुलीवरची खूण जागेवर आणायची. मग डिस्ट्रीब्यूटर सैल करून किंचित फिरवायचा. पॉईंट बंद असेपर्यंत बल्ब विझलेला. तो उघडतो त्या क्षणी पेटतो. तीच ठिणगीची वेळ. त्या जागी बोल्ट आवळला. चढावरची टकटक थांबली.

वरच्या वेगातलं मिसिंग मात्र राहिलं. आता कॉइलची पाळी. बॅटरी, कॉइल आणि पॉईंटची ही रचना अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी बसवली आणि ती १९१० च्या कॅडिलॅकमध्ये आली. बारा व्होल्टचे हजारो व्होल्ट करणं हे कॉइलचं काम. जास्त ताकदीची कॉइल घातली की ठिणगी आपोआप मोठी होते, असं मला वाटत होतं. पण प्लगची फट ओलांडायला लागतील तेवढेच व्होल्ट कॉइल चढवते. डब्यावर चाळीस हजार छापलेले असले तरी ती राखीव ताकद असते. जुनी कॉइल तापली की ही राखीव ताकदच आटते आणि वरच्या वेगात ठिणगी चुकते.

दुकानात सारख्याच दिसणाऱ्या दोन कॉइल समोर आल्या. एक तीन ओहमची, दुसरी दीड ओहमची. तीन ओहमच्या कॉइलमधून पॉईंट बंद असताना साधारण चार अँपिअर करंट जातो. दीड ओहमची कॉइल करंट आवरणाऱ्या बॅलास्ट रेझिस्टरशिवाय लावली तर तो दुप्पट होतो आणि पॉईंट जळतात. आमच्या गाडीला बॅलास्ट नाही, म्हणून तीन ओहमची चांगली कॉइल घेतली. नव्या हाय टेन्शन वायरी आणि प्लगही बसवले. मिसिंग गेलं.

तुमच्याही घरी अशी गाडी असेल तर खर्चाआधी वजनं, गॅप आणि टायमिंग तपासा. त्याला जवळजवळ काहीच पैसे लागत नाहीत. एवढं करूनही कॉइल घ्यावी लागलीच, तर डब्यावरचे व्होल्ट पाहू नका, मल्टिमीटर लावून ओहम मोजा.