जाऊन येतो म्हणणारं गाव

टोकियो म्हटलं की शिबुयाचा चौक आणि खचाखच भरलेल्या गाड्याच आठवतात. दोन दिवसांच्या सुट्टीत आम्ही दोघं मात्र शिबामाताला गेलो. टोकियोच्याच पूर्व टोकाला, एदो नदीकाठी वसलेलं हे निवांत उपनगर. ताकासागोला गाडी बदलली की पुढचंच स्टेशन. हा फाटा जेमतेम अडीच किलोमीटरचा. १८९९ मध्ये इथून कानामाचीपर्यंत रुळांवरचे डबे चक्क माणसं ढकलत नेत!

स्टेशनबाहेर हॅट घातलेला, हातात बॅग धरलेला पुतळा आहे. हा तोरा-सान. १९६९ ते १९९५ या काळात त्याच्यावर ४८ चित्रपट निघाले, नायक कियोशी आत्सुमी. गोष्ट साधारण तीच: गावोगाव फिरून माल विकणारा तोरा शिबामाताला काका-काकूंच्या दुकानात परततो, कुणाच्या तरी प्रेमात पडतो, भांडतो आणि पुन्हा निघतो. २०१७ मध्ये त्याला निरोप देणाऱ्या साकुराचा, त्याच्या बहिणीचा, पुतळाही बसवला. तो मागे वळून बघतोय. बायको तिथून लवकर हलेना. बडोद्याला स्टेशनवर तिचा भाऊ असाच उभा होता.

जपानी माणूस घरातून निघताना 'इत्तेकिमासु' म्हणतो. शब्दशः 'जाऊन येतो'! घरचे म्हणतात, 'इत्तेराश्शाई', जाऊन ये. आपल्याकडेही 'जातो' म्हणू देत नाहीत.

पुढच्या गल्लीत दांगो मिळतात, तांदळाच्या पिठाचे हिरवट गोळे, वर गोड डाळीचं सारण. (पुरणाशी तुलना करू नये, निराशा होते.) गल्ली संपते ती १६२९ च्या देवळापाशी. इथला तैशाकुतेन म्हणजे आपला इंद्र, बौद्ध धर्माबरोबर इथवर आलेला. देवळाच्या बाहेरच्या भिंतींवर सद्धर्मपुंडरीक सूत्रातल्या कथा लाकडात इतक्या खोल कोरल्यात की बोट आत जाईल असं वाटतं. पण आता भोवती काच आहे.

संध्याकाळी नदीवर गेलो. यागिरीची होडी आजही वल्ह्याने चालते. वारा असला तर बंद, त्यामुळे आधी चौकशी करावी. होडीत आम्ही मुद्द्यावर आलो. कंपनी इथे आणखी दोन वर्षं राहा म्हणत होती, सोमवारी उत्तर द्यायचं होतं. बडोद्याला आई एकटी. पलीकडचा काठ येईपर्यंत ठरलं: एकच वर्ष.

रात्री फोनवर आईला सांगितलं. ती क्षणभर गप्प राहिली, मग म्हणाली, "बरं. इंद्राच्या देवळात नारळ फोडतात का रे?"